इंजिन एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा

या मालेत आपण 'तेच' आणि 'तसंच' या दोन शब्दांमधला फरक तपासतो आहोत. 'मिलिंदप्रश्ना'तला नागसेनाचा रथ तुम्हाला आठवत असेल. आस म्हणजे रथ नव्हे, चाकं म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. मग रथ कुठं आहे? 'रथ' हे या सगळ्यांच्या आधारानं चालणारं एक नाव आहे, असं भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला सांगतो. आज आपण हा प्रश्न रथाऐवजी स्नोमोबाइलला विचारू.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढं दोन स्की, मागं रबराचा रुंद पट्टा, मध्ये बैठक. आपल्यापैकी काहींनी गुलमर्गला तिच्यावर फेरी मारली असेल. पण तिचं खरं घर उत्तर अमेरिकेत आहे. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांनी 1959 मध्ये 'स्की-डू' बाजारात आणली. पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या कंपन्या मिनेसोटात वाढल्या. त्या थंड मुलखात एक उद्योग घरोघरच्या गॅरेजमध्ये चालतो: एका गाडीचं इंजिन उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीच्या चॅसिसमध्ये बसवायचं.

असं का करतात? कधी चॅसिस खडकावर आपटून वाकते आणि इंजिन धडधाकट राहतं. कधी इंजिन जाम होतं आणि सांगाडा उत्तम असतो. कधी बसण्याची नवी पद्धत हवी असते. स्की-डूनं 2003 च्या मॉडेलमध्ये 'रेव्ह' चॅसिस आणली, तीत चालकाला बराच पुढं बसवलं. तेव्हा जुनं लाडकं इंजिन नव्या सांगाड्यात घालावं, असं अनेकांना वाटलं तर नवल नाही. आणि यात अधर्म काही नाही, बरं का. कारखान्यांनीही हेच केलंय. आर्क्टिक कॅटनं अनेक वर्षं सुझुकीची इंजिनं वापरली, पोलारिसनं फुजीची. 2014 च्या मॉडेलची यामाहा 'एसआर वायपर' तर आर्क्टिक कॅटच्या चॅसिसवर उभी होती. इंजिन यामाहाचं, तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक.

आता सामान्य समजूत अशी की इंजिन म्हणजे गाडीचं हृदय. ते काढलं, दुसरीकडं बसवलं, चार बोल्ट आवळले, झालं. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं की चार बोल्ट हा सगळ्यात सोपा भाग आहे.

पहिली अडचण बेल्टची. स्नोमोबाइलला आपल्या मोटरसायकलसारखे गिअर नसतात. आपल्या गिअरलेस स्कूटरसारखी रचना असते. इंजिनाच्या क्रँकवर एक क्लच, समोरच्या शाफ्टवर दुसरा, आणि दोघांमध्ये रबरी बेल्ट. या दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असतं. शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत आणि क्लच बाजूला किती सरकलेले असावेत, हेही ठरलेलं असतं. इंजिन काही मिलिमीटर तिरकं बसलं तरी ते सुरू होतं, पळतं, छान आवाज करतं. फक्त बेल्ट तापत राहतो, आणि एक दिवस तुटतो. शिवाय क्लचमधली वजनं आणि स्प्रिंग मूळ इंजिनाच्या ताकदीनुसार निवडलेल्या असतात. दुसऱ्या इंजिनाचा जोर वेगळ्याच फेऱ्यांना येत असेल, तर तीही बदलावी लागतात.

दुसरी अडचण सायलेन्सरची. टू-स्ट्रोक इंजिनाचा फुगीर पाइप नुसता धूर बाहेर सोडत नाही. त्यातून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ती लाट नेमक्या वेळी यावी म्हणून पाइपची लांबी आणि आकार बेतलेला असतो. जागा पुरत नाही म्हणून पाइप कापला, की इंजिन तेच राहतं आणि ताकद हरवते.

तिसरी, थंडाव्याची. पाण्यानं थंड होणाऱ्या बहुतेक गाड्यांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या बैठकीखालच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. फिरता पट्टा त्यांच्यावर बर्फ उडवतो आणि कूलंट थंड होतं. म्हणजे इंजिनाचा थंडावा चॅसिसमध्ये राहतो! मोठं इंजिन आणलं आणि या पट्ट्या लहानच ठेवल्या, तर बर्फात बसूनही इंजिन तापेल.

चौथी, वायरिंगची. नव्या इंजिनाचा ईसीयू स्वतःचे सेन्सर शोधतो. काही गाड्यांत तर दोरीला बांधलेली ठरावीक चावी ओळखल्याशिवाय तो इंजिनाला वेग घेऊ देत नाही. आणि पाचवी, वजनाची. जड फोर-स्ट्रोक बसवलं की नाक खाली जातं, स्टिअरिंग जड होतं, भुसभुशीत बर्फात गाडी रुतते. वेग वाढतो, ब्रेक मात्र जुनाच.

आता आपण मूळ प्रश्नाकडं येऊ. ही गाडी 'तीच' आहे का? तिकडचे कागद सांगाड्याच्या बाजूनं बोलतात, कारण गाडीचा ओळख क्रमांक चॅसिसवर ठोकलेला असतो. आपल्याकडं आरसीवर चॅसिस आणि इंजिन असे दोन्ही क्रमांक असतात, म्हणजे आपले कागद जरा जास्त सावध. पण कागदानं प्रश्न सुटत नाही.

नागसेनाचं अर्धं आपण मान्य करू: 'गाडी' नावाचा वेगळा सुटा भाग कुठं सापडत नाही. पण गाडी म्हणजे नुसतं नावही नाही. एकाच नावाखाली तेच भाग दोन मिलिमीटर इकडंतिकडं बसवले, तर एक गाडी घरी पोहोचते, दुसरी पोहोचत नाही. इथं वैशेषिकांचं म्हणणं उपयोगी पडतं. अवयवांहून वेगळा 'अवयवी' खरोखर असतो, असं ते मानतात. मात्र एखादा अवयव गेला, की जुना अवयवी नष्ट होतो आणि दुसरा उत्पन्न होतो.

हा शब्दांचा खेळ वाटेल. तसा तो नाही. उत्तर मिनेसोटात किंवा क्वेबेकमध्ये, उणे वीस-पंचवीस अंशांत, रस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत गाडी बंद पडली तर माणूस मरू शकतो. 'माझी गाडी तीच, फक्त इंजिन बदललंय' असं म्हणणारा जुन्या गाडीचा भरवसा नव्या गाडीच्या खात्यावर जमा करतो. इंजिनानं दहा हिवाळे काढले असतील, चॅसिसनंही काढले असतील. दोघांनी मिळून एकही काढलेला नाही.

म्हणून जोडलेली गाडी पहिल्या दिवसाची समजावी. सुरुवातीच्या फेऱ्या घराजवळ, छोट्या, सोबत कुणीतरी असताना. थांबून क्लच आणि बेल्ट किती तापलेत ते पाहावं. कूलंटमध्ये हवा अडकली नाही ना, याची खात्री करून इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा बघावी. माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत. जादा बेल्ट जवळ ठेवावा. आणि गाडी विकताना घेणाऱ्याला सगळं सांगावं: इंजिन कुठलं, चॅसिस कुठली, काय कापलं, काय वाढवलं. कारण तो जी गाडी घेतोय, तिची माहिती कंपनीच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पुढच्या वेळी आपण हाच प्रश्न दुरुस्त केलेल्या वास्तूंना विचारू. आज इथं थांबू या.