पेडलखालची हवा

“पहिल्यांदा दाबला तर खाली जातो, दोनदा पंप मारला की लागतो.” जुन्या जीपच्या ब्रेकविषयी हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोली भागात सहज ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ताडोब्यात पर्यटकांना फिरवणारी जिप्सी असो, की आडवाटेच्या गावांना माणसे पोहोचवणारी काळी-पिवळी. दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक हा बिघडलेला ब्रेक आहे. समोर अचानक रानडुक्कर आले तर दुसरा पंप मारायला वेळ कुठे असतो?

पास्कलचा नियम आपण वर्गात शिकवतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. पेडलच्या तरफेने मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलला जातो, आणि नळ्यांतील द्रव चारही चाकांच्या सिलिंडरांतील दट्ट्ये हलवतो. पण नळीत हवा शिरली, की तेथे बॉइलचा नियमही लागू होतो. पाठ्यपुस्तकात हे दोघे वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पेडलखाली त्यांची गाठ पडते.

थोडे गणित करू. पायाचा जोर ३० किलो, तरफेने तो पाचपट, म्हणजे १५० किलो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरले तर दाब सुमारे ३० वातावरणांइतका होतो. एवढ्या दाबाखाली पाण्यासारखा द्रव हजारात जेमतेम दीड भाग आकसतो. ३ घनसेंटिमीटर हवा मात्र ०.१ पर्यंत दबते. तिला दाबण्यातच दट्ट्या जवळजवळ ६ मिलिमीटर आणि पाय ३ सेंटिमीटर पुढे जातो, चाकापर्यंत काहीच न पोहोचता. भराभर पंप मारले की टाकीतून जादा द्रव नळ्यांत येतो आणि ही तूट तात्पुरती भरून निघते, एवढेच.

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल. ते ग्लायकॉल जातीचे, पाण्यात मिसळणारे आणि हवेतील ओल शोषणारे असते. (इंजिन ऑइल त्यात कधीही घालू नये, रबरी वॉशर फुगतात.) डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० अंशांची किमान मर्यादा चालते. आपल्याकडे दोष चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याला दिला जातो, पण खरे नुकसान दमट पावसाळा करतो. भरलेल्या गाडीला वारंवार ब्रेक लावला की चाकाशी उष्णता साठते, द्रवातील पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना अटकाव लावून उभी करावी. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. त्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल थोडे सैल करायचे. बुडबुडे आणि काळपट द्रव बाहेर येतो. पेडल तळाला गेले की आधी निपल बंद, मगच पाय वर. हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. टाकीतली पातळीही सतत पाहावी. ती रिकामी झाली की सारे काम पहिल्यापासून.

वर्गात हे दाखवायला सुया काढलेल्या दोन सिरिंज आणि सलाईनच्या नळीचा तुकडा पुरतो. पाणी पूर्ण भरून एक दाबा, दुसरी लगेच हलते. मग थोडी हवा राहू द्या, दुसऱ्या दट्ट्यावर बोट दाबून धरा आणि पुन्हा ढकला. हाताला जो मऊपणा जाणवेल तोच चालकाच्या पायाला जाणवतो.

मात्र प्रत्येक दोष हवेचा नसतो. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा वॉशर झिजला आहे. हवा काढून उपयोग नाही, गाडी मेकॅनिककडेच न्यावी. आणि नाला ओलांडल्यावर पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर ड्रममधील लायनर भिजले आहेत. अशा वेळी थोडे अंतर अगदी सावकाश, ब्रेक हलका दाबत गेले की घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात.