विक्का आणि सैतान : एका गैरसमजाची कुळकथा

‘चेटकीण’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. लहानपणी मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण पाहून आपण भ्यालो आणि हसलोही. कॉलेजात आल्यावर ‘मॅकबेथ’मधल्या त्या तिघी भेटल्या, आणि चेटकीण म्हणजे माणसाला पापाकडे ढकलणारी अमंगळ शक्ती हे समीकरण मनात पक्के झाले. अशा वेळी इंग्लंड-अमेरिकेतली काही शिकलीसवरली माणसे राजरोसपणे स्वतःला ‘विच’ म्हणवून घेतात आणि आपल्या धर्माला ‘विक्का’ असे नाव देतात, हे कानी आले की नवल वाटल्याशिवाय राहत नाही. त्या नवलाच्या पाठोपाठ येतो तो संशय. आमच्या वाङ्मय मंडळात एकदा हा विषय निघाला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘म्हणजे सैतानाची पूजा करणारेच ना हे लोक?’ या प्रश्नाचा मागोवा घेत मी जे वाचले, त्याचे सार येथे मांडत आहे. मी या पंथाची अनुयायी नाही आणि त्यांच्या मंत्रतंत्रावर माझा विश्वासही नाही. परंतु एखाद्याचे म्हणणे न पटणे वेगळे आणि त्याने न केलेल्या गोष्टीचा त्याच्यावर आळ घेणे वेगळे, एवढे भान ठेवूनच हा लेख लिहिला आहे.

जुने नाव, नवा धर्म

‘विक्का’ हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ चेटूक करणारा पुरुष असा होता. शब्द असा हजार वर्षांपूर्वीचा असला, तरी या नावाने ओळखला जाणारा धर्म मात्र विसाव्या शतकातला आहे. त्याचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा इंग्रज गृहस्थ. सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथील चहा-रबराच्या मळ्यांवर त्याची उमेदीची वर्षे गेली. पुढे मलायात जकात खात्यात नोकरी करून १९३६ साली तो निवृत्त झाला आणि मायदेशी परतला. १९३९ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट भागात एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली आणि त्या मंडळाकडे ख्रिस्तपूर्व काळापासूनची परंपरा चालत आली होती, असे तो सांगत असे. चेटूकविद्येचा दावा करणाऱ्यांना शिक्षा देणारा १७३५ चा कायदा इंग्लंडमध्ये १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५४ साली, गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक निघाले आणि या पंथाला उघडपणे तोंड फुटले.

या पुस्तकाला प्रस्तावना होती मार्गारेट मरे या विदुषीची. मरे मूळच्या इजिप्तच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारण्यात आले ते लोक वस्तुतः एका जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धान्त त्यांनी १९२१ साली मांडला होता. सिद्धान्त आकर्षक खरा, पण पुढच्या इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली तेव्हा तो टिकला नाही. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात विक्काची जडणघडण सविस्तर उलगडली. जुन्या लोककथा, एकोणिसाव्या शतकातील निसर्गपूजक काव्य, गुप्तमंडळांचे विधी आणि गार्डनर व त्याची सहकारी डोरीन व्हॅलिएंट (१९२२–१९९९) यांची स्वतःची रचना, अशा अनेक धाग्यांनी हे वस्त्र विणलेले आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गैरसमज पसरवण्याचे काम केवळ विरोधकांनीच केले असे नाही. ‘आमचा धर्म अखंड चालत आलेला आहे’ आणि ‘आमच्या नव्वद लाख पूर्वजांना जाळण्यात आले’ ही दोन विधाने विक्काच्या अनुयायांकडूनही पुष्कळ वर्षे केली जात होती. इतिहासकारांच्या मते युरोपातील चेटकीण-शिकारीत सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली. हा आकडाही अंगावर काटा आणणाराच आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही. शिवाय मारली गेलेली ही माणसे बहुतांशी आपल्यासारखीच साधी, चर्चमध्ये जाणारी ख्रिस्ती माणसे होती. इंग्लंडमध्ये तर चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत; आणि अमेरिकेतील सेलम येथे १६९२ साली ज्या एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांतही जाळलेले कोणी नव्हते.

ते मानतात तरी काय?

विक्काला एकच धर्मग्रंथ नाही आणि एकच धर्मपीठही नाही, त्यामुळे मंडळागणिक फरक आढळतो. तरी सर्वसाधारण रूप असे : एक देवी आणि एक देव, अशी दोन दैवते. देवीचा संबंध चंद्राशी आणि पृथ्वीशी, देवाचा संबंध अरण्य, पशू आणि सूर्य यांच्याशी. वर्षाचे आठ सण असतात. दोन संपात, दोन अयने आणि त्यांच्या मधले चार दिवस असे हे ऋतुचक्र होय. ३१ ऑक्टोबरचा ‘सावन’ हा मृतांचे स्मरण करण्याचा दिवस, तर १ मेचा ‘बेल्टेन’ हा वसंताच्या बहराचा. पौर्णिमेला मंडळाची बैठक भरते. जमिनीवर वर्तुळ आखून, चार दिशांना वंदन करून विधी केले जातात. अमावास्या, पौर्णिमा, संक्रान्त पाळत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला यात फारसे विचित्र वाटू नये.

नीतीचा त्यांचा मुख्य दंडक थोडक्यात असा की, कोणाला इजा होत नसेल तर तुमच्या इच्छेप्रमाणे वागा. केलेले बरेवाईट आपल्याकडे तिप्पट होऊन परतते, असेही त्यांच्यापैकी अनेकजण मानतात. जादूवर त्यांचा विश्वास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गार्डनरच्या परंपरेतील काही मंडळे विवस्त्र अवस्थेत विधी करतात, हेही खरे. वृत्तपत्रांना चघळायला एवढा मजकूर पुरेसा होता. परंतु या सगळ्यात सैतान कोठेही नाही.

सैतान कोणाचा?

माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची किल्ली येथे आहे. सैतान ही कल्पना कोणाची? हिब्रू भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ ‘विरोधक’. बायबलातील ईयोबाच्या पुस्तकात तो ईश्वराच्या दरबारात उभा राहून माणसाच्या निष्ठेवर शंका घेतो. पुढे ख्रिस्ती विचारात तो ईश्वराचा महाशत्रू झाला. म्हणजे सैतान मानायचा तर आधी तो ईश्वर, ते स्वर्ग-नरक आणि ते पतन मानावे लागते. ज्याने हे घरच स्वीकारलेले नाही, तो त्या घरातल्या खलपुरुषाची पूजा कशी करील? विठोबाच्या वारकऱ्याला कोणी सैतानपूजक म्हटले तर ते जितके असंबद्ध, तितकेच हेही.

स्वतःला सैतानवादी म्हणवणारे लोकही आहेत, पण ते निराळे. अँटन लाव्हे याने १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केले आणि १९६९ साली ‘सॅटॅनिक बायबल’ लिहिले. गंमत अशी, की तेही सैतान नावाची कोणी व्यक्ती खरोखर आहे असे मानत नाहीत. अहंकाराचे, भोगाचे आणि बंडाचे ते त्यांच्यालेखी केवळ प्रतीक आहे. निसर्गातील देवीपुढे नम्र होणारा विक्का आणि स्वतःलाच केंद्रस्थानी मानणारा लाव्हेचा पंथ, या दोन दिशाच वेगळ्या. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे तेरा हजार लोकांनी आपला धर्म ‘विक्का’ असा सांगितला. सैतानवाद्यांची नोंद तेथे वेगळी होते.

मग घोटाळा झाला कसा?

पहिले कारण ‘विच’ हा शब्दच. १४८६ च्या सुमारास हाइन्रिक क्रेमर या जर्मन धर्मोपदेशकाचे ‘मालेउस मालेफिकारुम’ हे पुस्तक निघाले. चेटकीण म्हणजे सैतानाशी करार केलेली स्त्री, ही व्याख्या अशा ग्रंथांनी रूढ केली. गार्डनरने तोच डागाळलेला शब्द अभिमानाने उचलला, आणि शब्दाबरोबर डागही आला.

दुसरे कारण शिंगे. विक्कातील देवाला शिंगे असतात. ग्रीकांचा पॅन, केल्ट लोकांचा केर्नुन्नोस हे त्याचे पूर्वसुरी. बकऱ्याचे खूर आणि शिंगे असलेला सैतान मात्र बायबलात वर्णिलेला नाही. तो नंतरच्या चित्रकारांनी रंगवला. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला ओवाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला शिंगांत पाप दिसत नाही. तो दृष्टीचा फरक आहे.

तिसरे कारण पंचकोनी तारा. विक्कात त्याची चार टोके म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि पाचवे म्हणजे आत्मतत्त्व. आपल्या पंचमहाभूतांच्या जवळपास जाणारीच ही कल्पना. लाव्हेच्या पंथाने बोकडाचे मुंडके असलेला उलटा तारा आपले चिन्ह म्हणून घेतला. पाहणाऱ्याला सुलटे-उलटे कळत नाही, आणि दोघे एकाच माळेचे मणी ठरतात. आपल्या स्वस्तिकाचे युरोपात काय झाले हे ठाऊक असणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

चौथे कारण गार्डनरच्या उसनवारीचे. त्याने ॲलिस्टर क्रोली (१८७५–१९४७) या बदनाम तांत्रिकाच्या लेखनातून बराच मजकूर घेतला होता. व्हॅलिएंटबाईंनी पुढे त्यातला पुष्कळसा काढून टाकला. चार्ल्स लेलंडच्या १८९९ मधील ‘अरादिया’ या पुस्तकाचाही त्यावर प्रभाव आहे, आणि त्या पुस्तकात ल्युसिफर हे पात्र येते. संशय घेणाऱ्यांना एवढा धागा पुरला.

गैरसमजाची किंमत

कोणी म्हणेल, दूरदेशीच्या एका लहानशा पंथाविषयी लोकांचा गैरसमज झाला, तर एवढे बिघडले काय? याचे उत्तर १९८० नंतरच्या अमेरिकेत मिळते. त्या वर्षी ‘मिशेल रिमेंबर्स’ हे पुस्तक निघाले आणि सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या मुलांचा छळ करतात अशी भीती देशभर पसरली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेचे प्रकरण १९८३ पासून १९९० पर्यंत चालले. एकावरही गुन्हा शाबीत झाला नाही. अशा टोळ्यांचा पुरावा सापडत नाही, असे अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेतील केनेथ लॅनिंग या तज्ज्ञाने १९९२ च्या अहवालात नमूद केले.

तरी भीती सरली नव्हती. मे १९९३ मध्ये आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस या गावी आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. संशय तीन तरुणांवर आला. त्यांतला डेमियन एकोल्स हा अठरा वर्षांचा. काळे कपडे घालणारा, विक्काविषयी वाचणारा. खून हा सैतानी विधीचा भाग होता, असे न्यायालयात मांडण्यात आले आणि त्याची पुस्तके, त्याची आवड हीच त्याच्याविरुद्ध उभी राहिली. १९९४ साली त्याला देहान्ताची आणि इतर दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे झालेल्या जनुकीय तपासणीत घटनास्थळी त्या तिघांपैकी कोणाचाही मागमूस आढळला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये, आपण निर्दोष आहोत हे म्हणणे कायम ठेवून कायदेशीर तडजोडीने ते सुटले. एव्हाना अठरा वर्षे लोटली होती. एका शब्दाचा चुकीचा अर्थ माणसाला वधस्तंभाच्या किती जवळ नेऊ शकतो, याचे याहून विदारक उदाहरण कोणते?

याच काळात न्यायाची पावलेही पडत होती, हे सांगितले पाहिजे. १९८६ साली डेटमर विरुद्ध लँडन या खटल्यात अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने विक्का हा कायद्याच्या दृष्टीने धर्म आहे असे मान्य केले. २००७ साली युद्धात पडलेल्या विक्का सैनिकांच्या थडग्यांवर त्यांचा पंचकोनी तारा कोरण्यास तेथील सरकारने परवानगी दिली.

आता आपल्याविषयी दोन शब्द. ‘विच’चे भाषांतर आपण ‘चेटकीण’ असे करतो आणि तेथेच फसगत होते. इंग्लंडातील विच स्वतःहून ते नाव घेते. आपल्याकडील ‘डाकीण’ मात्र स्वतःहून कोणी होत नाही. ते नाव दुसरे लादतात. नंदुरबारसारख्या भागात गावात कोणी आजारी पडले, गुरे दगावली की एखाद्या निराधार बाईकडे बोट दाखवले जाते, आणि तिला मारहाण, हद्दपारी, प्रसंगी मृत्यूही सोसावा लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला. एखाद्यावर असा शिक्का मारून त्याचे जगणे मुश्कील करणे हा त्याखाली गुन्हा आहे. विक्का आणि डाकीण या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो बोट दाखवणाऱ्यांचा. क्रेमरच्या काळातला धर्मोपदेशक, आर्कान्सातील जमाव आणि आपल्याकडचा भगत या तिघांचीही रीत एकच : संकटाचे कारण शोधण्याऐवजी माणूस शोधायचा.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आपण शिकतो त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे नेहमी विचारले जाते. शब्दाचा अर्थ तपासणे, तो कोणी, कोणाला, कोणत्या काळी लावला हे पाहणे, एवढे तर आपल्याला शिकवले जाते. कोणाच्या श्रद्धेत सहभागी होण्याची आपल्यावर सक्ती नाही. मात्र कोणाला सैतानाचा हस्तक ठरवण्याआधी ‘कशावरून?’ हा एक प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर नक्कीच आहे.