परदेशी निघताना : विम्याचा कागद आणि बनावट दरवाजे

गेल्या दिवाळीत बडोद्याला मावशीकडे जाणं झालं. दांडिया बाजारातलं जुनं घर, घरात मराठी, दारात गुजराती. आपल्याकडे बेळगावात जसं एका वाक्यात मराठी आणि कन्नड सुखाने नांदतात, तसंच तिथे. मावशी-काकांना वर्षभरासाठी कॅनडाला लेकीकडे जायचं होतं. निघायला अजून चार महिने होते, पण मावशीने भाजणी आणि मेतकुटाचं वजन करून ठेवलं होतं. कागदपत्रांचं काय, असं विचारलं तर काका म्हणाले, "सगळं इंटरनेटवर झालंय."

बडोद्याच्या मराठी माणसाला परदेश नवा नाही. सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा विलायतेला गेले, तेही प्रकृतीच्याच कारणाने. १९१३ साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पण महाराजांच्या मागे लवाजमा असे. निवृत्त शिक्षकाच्या मागे असतो तो एक मोबाईल.

काकांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. त्यांनी गूगलवर शोध घेतला, सगळ्यात वर आलेलं संकेतस्थळ उघडलं, अशोकस्तंभाचं चित्र पाहिलं आणि साडेतीन हजार रुपये भरले. पंधरा दिवस झाले तरी पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याची तारीख येईना. पावती मागून घेतली, तर तीवर कुठल्याशा खासगी मंडळींचं नाव. साध्या ३६ पानी पासपोर्टचं सरकारी शुल्क आहे १,५०० रुपये. ते भरायचं आणि तारीख घ्यायची ती एकाच ठिकाणी : पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. बडोदा असो की बेळगाव, पत्ता हाच. अशा बनावट संकेतस्थळांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानेच जाहीर इशारा दिलेला आहे. त्यांची नावं हुबेहूब सरकारी वाटतात, शेपूट मात्र डॉट ओआरजी, डॉट कॉम किंवा नुसतं डॉट इन.

खरं-खोटं ओळखायला एक साधी युक्ती सांगते. पत्त्यातली पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल तर घर सरकारचं. 'जीओव्ही' हा शब्द मध्येच कुठेतरी कोंबलेला असेल तर तो शेजारच्याची पाटी आपल्या दारावर लावण्याचा प्रकार. आणि शोधात सगळ्यात वर येणाऱ्या ओळीवर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली.

बँकेला कळवलं, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली. पैसे काही परत आले नाहीत. काकांना पैशांपेक्षा आधार कार्डाची प्रत परक्या हाती गेल्याचं अधिक लागलं.

पण वाचकहो, खरी धास्ती मला विम्याचा अर्ज बघून वाटली. तोही अशाच एका 'स्वस्तात स्वस्त' पानावर भरलेला. 'पूर्वीपासूनचा काही आजार?' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण आधीच केलेली होती आणि काकांनी ती तशीच राहू दिली. काकांना बारा वर्षं मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. विचारलं तर म्हणाले, "मधुमेह म्हणजे काय आजार आहे? अख्ख्या दांडिया बाजाराला आहे." वर फोनवरच्या मुलाने सांगितलेलं, की लिहिलंत तर हप्ता वाढेल.

हप्ता वाढतो, हे खरं. पण परदेशात छातीत दुखून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, की विमा कंपनी इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागवू शकते. त्यात मधुमेह निघाला आणि अर्जात 'नाही' असलं, तर दावा फेटाळायला तेवढं पुरतं. मग बिल लेकीच्या माथी. माझ्या सासूबाई धारवाडकडच्या, बँकेचा कागद पुढे केला की त्या म्हणतात, "ओदि नोडि सही माडव्वा." मराठीत विमा, कन्नडात विमे, पण वाचायचा कंटाळा दोन्ही भाषांत सारखाच.

खरं सांगूनही एक अडचण उरते. कॅनडात मिळणाऱ्या अनेक पॉलिसींमध्ये जुना आजार 'स्थिर' असावा अशी अट असते. प्रवासाआधीचे ठरावीक दिवस, बहुधा ९० किंवा १८०, औषध बदललेलं नसावं, मात्राही बदललेली नसावी. काकांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी महिन्यापूर्वीच वाढवली होती. मावशीला वाटत होतं, वाढवली ते बरंच झालं. प्रकृतीला झालंच, पण त्या अटीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी तर विमा सक्तीचाच आहे. निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, प्रवेशाच्या दिवसापासून निदान एक वर्ष. नुसतं कोटेशन चालत नाही. पैसे भरल्याचा पुरावा लागतो, हप्त्याने घेतला असेल तर अनामत भरल्याचा. पूर्वी कंपनी कॅनडाचीच लागे. २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरची कंपनीही चालते, पण तिला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता हवी. काकांच्या स्वस्त पॉलिसीवरच्या कंपनीचं नाव त्या यादीत नव्हतं.

युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसाला सक्ती नाही, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त लागतो. त्यातही प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी स्वस्त दिसते, पण दवाखान्याच्या बिलापुढे ती रक्कम तोकडी पडते. तुमची मुलं इंग्लंडात राहत असतील तर त्यांनाही सांगा : युरोपच्या सहलीला उपयोगी पडणारं जीएचआयसी कार्ड पात्र रहिवाशांना तिथली सरकारी आरोग्यसेवा फुकट देते. त्याचे पैसे मागणारी पानं तिकडेही आहेत. आणि ते कार्ड म्हणजे प्रवासविमा नव्हे.

मावशीने मध्येच विचारलं, "अगं, ह्यांचं आयुष्मान कार्ड नाही का चालणार?" नाही. ते भारतातल्या ठरलेल्या रुग्णालयांपुरतंच. घरची मेडिक्लेमही बहुतेक वेळा देशाच्या सीमेपाशी थांबते.

इथल्या कंपनीचा विमा घेणार असाल तर तिचं नाव विमा नियामक 'इर्डाई'च्या यादीत आहे का, ते आधी पाहा. भांडण झालंच तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. बडोदेकरांचा लोकपाल अहमदाबादला, बेळगावकरांचा बेंगळुरूला, कोल्हापूरकरांचा पुण्याला. कॅनडाच्या कंपनीविरुद्ध मात्र यांच्यापैकी कुणाकडेच जाता येत नाही. तिथे लेकीलाच खटपट करावी लागेल.

आम्ही दोन दुपारी बसून पासपोर्टचा अर्ज नव्याने भरला. विम्याच्या अर्जात मधुमेह आला, रक्तदाब आला, गोळी वाढवल्याची तारीखही आली. हप्ता वाढला. गोळीचे १८० दिवस भरेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणून फेब्रुवारीचं जाणं मे महिन्यावर गेलं. मावशी खूशच झाली, तिला बर्फ नकोच होतं. भाजणी तेवढी पुन्हा करावी लागली.