खेळता खेळता दृष्टिपरीक्षा

पूर्वपीठिका : उट्रेक्टचे नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेला अक्षरतक्ता आजही व्यापक वापरात असला, तरी ज्या बालकास अक्षरओळखच नाही त्याला तो निरुपयोगी ठरतो, हे जाणून फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युवारिनेन यांनी १९७६ साली सफरचंद, घर, वर्तुळ व चौकोन या चार आकृतींचा तक्ता सिद्ध केला.

रीत : मुलांची दृष्टी तपासणारा संगणकावरील खेळ त्याच परंपरेतला. एक डोळा झाकून पडद्यापासून नियत अंतरावर बसलेले मूल दिसलेली आकृती जुळवीत जाते. उत्तर बरोबर आले की पुढील आकृती लहान होते, चुकले की पुन्हा मोठी, आणि ज्या आकारापाशी हा क्रम स्थिरावतो त्याची त्या डोळ्याच्या नावे दप्तरी नोंद होते. अमेरिकेतील ‘आयस्पाय २०/२०’ हा असाच एक खेळ.

प्रयोजन : शंभरांतील सुमारे दोन-तीन मुलांत आढळणारा ‘आळशी डोळा’ हा, बहुधा एका डोळ्याची दृष्टी मंद राहण्याचा, विकार, दुसरा डोळा उणीव भरून काढीत असल्यामुळे, मुलाच्या वा पालकांच्या सहसा ध्यानी येत नाही; तो वेळीच हेरणे हा या खेळाचा हेतू, कारण उपचार साधारणतः सातव्या वर्षाच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात.

ताकीद : झाकलेल्या डोळ्याने फटीतून पाहिले, बैठक पुढे सरकली किंवा पडद्याच्या आकारमानाप्रमाणे आकृतींचे माप बसविलेले नसले, तर निष्कर्ष फसवा ठरतो. ही केवळ प्राथमिक चाळणी होय. निदानाचा अखत्यार नेत्रतज्ज्ञाचाच. सबब, खेळात उणे ठरलेल्या मुलाची रीतसर तपासणी पालकांनी विनाविलंब करून घ्यावी.