किशोरवयातील आहारविकृती : अरोचकापलीकडील विचार

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांस "मुलगी काही खात नाही, भूक लागायचे औषध द्या" हे वाक्य नवे नाही. आई बोलत असते, मुलगी खाली मान घालून बसलेली असते. आपण जिव्हा पाहतो, अग्निमांद्य ठरवतो आणि दीपन-पाचन देतो. बहुतेक वेळा ते योग्यही ठरते. परंतु काही थोड्या मुलामुलींत अग्नी मंद नसतो. भूक असते, ती निग्रहाने दडपलेली असते. अशा रुग्णास ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याधीचा परिचय

इ.स. १८७३ मध्ये लंडन येथे विल्यम गल आणि पॅरिस येथे लासेग ह्यांनी स्वतंत्रपणे ह्या विकाराचे वर्णन केले. गल ह्यांनी रूढ केलेले 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही चालते. त्यात रुग्ण अन्न टाळत जातो, वजन धोकादायक पातळीपर्यंत घटते आणि तरीही त्यास त्याचे गांभीर्य वाटत नाही. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल ह्यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' वर्णिला. ह्यात अल्पावधीत अतिभोजन होते आणि नंतर वांती, रेचके, उपवास वा अतिव्यायाम ह्यांनी त्याची भरपाई केली जाते. वजन पुष्कळदा प्राकृत राहते, म्हणून हा रुग्ण सहज निसटतो. तिसऱ्या प्रकारात अतिभोजन असते, भरपाई नसते.

भारतीय रुग्णांविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दिल्लीतील मनोविकारतज्ज्ञ खंडेलवाल, शरण व सक्सेना ह्यांनी १९९५ मध्ये पाच तरुणींचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांच्यात अन्ननकार, वांती, क्षीणता व अनार्तव होते. परंतु शरीराच्या आकाराविषयीची विकृत कल्पना आढळली नाही. म्हणजे 'मला जाड व्हायचे नाही' असे रुग्णाने म्हटलेच पाहिजे, असे नाही. 'पोट भरल्यासारखे वाटते', 'घास उतरत नाही' एवढेच तो सांगेल.

आपल्या तालुक्यांतील अडचण

आपल्याकडे कृश मुलगी पाहिली की दारिद्र्य, पांडू आणि कृमी हेच प्रथम मनात येतात, आणि ते उचितच आहे. आदिवासी पाड्यांवरील कुपोषण आणि वीटभट्ट्यांवरील स्थलांतर आपण जाणतो. म्हणून पहिला प्रश्न 'घरात दोन वेळचे अन्न आहे काय?' हाच असावा. उपाशी मुलीस मनोरुग्ण ठरवणे हाही अन्यायच. मात्र घरात अन्न असून ते नाकारले जात असेल, तर विचाराची दिशा बदलली पाहिजे.

आसनगाव, खर्डीहून लोकलने किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी सकाळी डबा नेते. तो खाल्ला की नाही, हे घरी कोणास ठाऊक नसते. मार्गशीर्षातील गुरुवार, नवरात्र, श्रावण ह्यांच्या उपवासांआड अन्नत्याग झाकला जातो आणि कौतुकही मिळवतो. भरतीच्या तयारीतील मुलगा दिवसरात्र धावतो व जेवण तोडतो, तेव्हा कोणास शंकाही येत नाही. हा केवळ मुलींचा विकार नव्हे.

संहितांच्या प्रकाशात

ह्या व्याधीस संहितांत एकास एक असे नाव नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. तथापि विचाराची साधने आहेत. चरकाचार्यांनी अरोचकाच्या हेतूंत शोक, भय, क्रोध ह्यांची गणना केली आहे. छर्दीत द्विष्टार्थसंयोगज प्रकार मानला आहे. अतत्त्वाभिनिवेशात बुद्धी विषम होऊन हिताच्या ठायी अहित दिसू लागते. अन्नाचीच भीती बाळगणाऱ्या रुग्णास समजून घेण्यास हे वर्णन उपयोगी पडते.

उपासमार स्वतःही मन बिघडवते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी पुरुषांस सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यात खिन्नता, चिडचिड आणि अन्नाचाच अखंड ध्यास दिसून आला. म्हणून केवळ उपदेशाने भागत नाही. पोषण हे चिकित्सेचे पहिले अंग होय.

परीक्षण

रुग्णास काही वेळ एकट्याने बोलू द्यावे. मुलगी असल्यास स्त्री-परिचारिका जवळ असावी. वजन व उंची दर भेटीस नोंदवावी. आर्तव, मलप्रवृत्ती, जेवणानंतरचे वर्तन आणि घेतलेली औषधे विचारावीत. हातपाय गार असणे, अंगावर बारीक लव, दातांची झीज, जबड्याच्या कोनाशी सूज, बोटांच्या सांध्यांवर वण ही चिन्हे पाहावीत. क्षय, मधुमेह, अवटु ग्रंथीचे विकार व आंत्रविकार वगळावेत.

जागेपणी नाडी मिनिटास ५० पेक्षा कमी, मूर्च्छा, रक्तमिश्रित वांती, अन्नपाणी पूर्णतः बंद किंवा आत्मघाताचे विचार असतील, तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

चिकित्सेतील सावधगिरी

क्षीण रुग्णास वमन, विरेचन, लेखन वा लंघन देऊ नये. तसेच एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक आहे. दीर्घ उपासमारीनंतर आहार झपाट्याने वाढवल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम घसरून हृदय बंद पडू शकते. चिरक्षीणाचे पोषण सद्यःक्षीणाप्रमाणे तत्काळ होत नाही, तेथे संतर्पणाचा अभ्यास हवा, हा चरकाचा विवेक येथे किती समर्पक आहे! अतिक्षीण रुग्णाची आहारवृद्धी रक्ततपासणीची सोय असलेल्या रुग्णालयातच सुरू व्हावी.

पुढील काळात आईवडिलांनी शेजारी बसून, न रागावता, ठरलेल्या वेळी जेवू घालणे ह्या कुटुंबाधारित पद्धतीस किशोरवयात सर्वांत चांगला आधार मिळाला आहे. सत्त्वावजयाचा आपला विचार तिच्याशी सुसंगत आहे. मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य अवश्य घ्यावे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

सोनामुखीयुक्त चूर्णे आणि मेदोहर गुटिका किशोरवयीन ग्राहक वारंवार नेत असेल, तर गल्ल्यावरच थांबून विचारपूस करावी. रेचकाने मेद घटत नाही. अन्नरसाचे शोषण बहुतांशी लघ्वंत्रातच झालेले असते. पुढे जाते ते पाणी आणि पोटॅशियम. 'वनस्पतीचे आहे, अपाय नाही' हे वाक्य अशा ग्राहकास कदापि सांगू नये. चारचौघांत न बोलता, जवळच्या वैद्याचे नाव सुचवावे.

भूक वाढवणारे औषध देणे सोपे आहे. 'जेवताना तुला काय वाटते?' हा प्रश्न विचारण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ आपण सर्वांनी द्यावा, ही नम्र विनंती.