प्रश्नावलीचे शब्द आणि आकड्यांचे मौन : स्त्री-जननेंद्रिय-छेदनाच्या राष्ट्रीय मोजणीविषयी

स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग वैद्यकीय कारणाविना कापून टाकण्याची किंवा त्यास इजा करण्याची प्रथा आफ्रिकी व अरबी साहित्याच्या वाचकाला अपरिचित नाही. न्गुगी वा थिओंगो यांच्या ‘द रिव्हर बिटवीन’ (१९६५) या कादंबरीत ती वसाहतकालीन केनियातील सांस्कृतिक संघर्षाच्या केंद्रस्थानी आहे. ‘द हिडन फेस ऑफ ईव्ह’ (१९८०) या इंग्रजी अनुवादाने जगभर पोहोचलेल्या आपल्या ग्रंथात नवल अल् सादावी यांनी बालपणीचा हाच अनुभव कथन केला आहे. या प्रथेविषयी आणखी एका प्रकारचे कथन गेली साडेतीन दशके लक्षावधी स्त्रियांकडून नोंदविले गेले आहे, ते राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांतून. तेथेही स्त्रीच बोलते. मात्र तिचे बोलणे ठरावीक प्रश्नांच्या चौकटीत बसविले जाते आणि अखेरीस टक्केवारीच्या रूपाने उरते. हा आकडा कोणत्या शब्दांवर उभा असतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मोजणीचा आरंभ सुदानमध्ये झाला. अमेरिकी अर्थसाहाय्याने १९८४ साली सुरू झालेल्या ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ या कार्यक्रमांतर्गत १९८९-९० च्या सुदानमधील सर्वेक्षणात छेदनाविषयीचे प्रश्न प्रथम विचारले गेले. पुढे युनिसेफच्या बहुनिर्देशक सर्वेक्षणांनीही त्यांचा स्वीकार केला. पद्धती स्थूलमानाने अशी : यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या कुटुंबांतील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांची मुलाखत घेतली जाते. शारीरिक तपासणी केली जात नाही. म्हणजे जे मोजले जाते ते शरीर नव्हे, तर शरीराविषयी स्त्रीने केलेले निवेदन होय.

प्रश्नांचा क्रम लक्षणीय आहे. प्रथम प्रथेचे नाव उच्चारून ‘हे तुम्ही ऐकले आहे काय?’ असे विचारतात. उत्तर नकारार्थी आल्यास नावाऐवजी वर्णन पुढे केले जाते : काही देशांत मुलीच्या जननेंद्रियाचा काही भाग कापण्याची चाल आहे, ती ठाऊक आहे काय? त्यानंतर स्वतःचे छेदन झाले आहे काय, मांसाचा काही भाग काढला होता काय, न काढता केवळ टोचले वा चिरले होते काय, शिवून बंद केले होते काय, असे प्रश्न येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या संयुक्त निवेदनात मांडलेले आणि २००८ मध्ये सुधारलेले चार प्रकारांचे वर्गीकरण या प्रश्नांशी तंतोतंत जुळत नाही. पहिला व दुसरा प्रकार ‘मांस काढले’ या एकाच उत्तरात मिसळून जातात. पाच-सात वर्षांच्या वयात घडलेल्या गोष्टीचा शरीरशास्त्रीय तपशील स्त्रीला सांगता येईल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. म्हणून ही तडजोड केलेली आहे.

खरी अडचण नावाची आहे. इजिप्तच्या बोलभाषेत या प्रथेला ‘तहारा’ म्हणतात, म्हणजे शुद्धी. मालीतील बंबारा भाषेतील ‘बोलोकोली’ या शब्दाचा मूळ अर्थ हात धुणे असा आहे. ‘तुझी शुद्धी झाली आहे काय?’ या प्रश्नाला नकार देणे म्हणजे स्वतःस अशुद्ध म्हणविणे होय; उलट ‘विच्छेदन’ असा शब्द योजला तर प्रश्नातच निषेध येतो. सुदानमध्ये सौम्य मानल्या जाणाऱ्या प्रकाराला ‘सुन्ना’ आणि शिवून बंद करण्याच्या प्रकाराला ‘फैरोनी’ अशी नावे आहेत. तेथील मुली व स्त्रिया यांच्या मुलाखती आणि प्रत्यक्ष वैद्यकीय तपासणी यांची तुलना करणारा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. छेदन झाले की नाही, या प्रश्नाची उत्तरे तपासणीत खरी ठरली. परंतु ‘सुन्ना’ म्हणून सांगितलेल्या प्रकारांत प्रत्यक्ष कापलेला भाग नावावरून वाटावा त्याहून पुष्कळदा बराच अधिक होता. तात्पर्य, घटना सांगताना स्त्री चुकली नव्हती. तिला उपलब्ध असलेला शब्द मात्र घटनेहून सौम्य होता.

शब्दाप्रमाणे कायदाही उत्तरावर परिणाम करतो. घानाने १९९४ मध्ये या प्रथेस गुन्हा ठरविले. त्या देशाच्या उत्तर भागात १९९५ मध्ये ज्यांनी छेदन झाल्याचे सांगितले होते, त्यांपैकी काही स्त्रियांनी २००० सालच्या मुलाखतीत ते नाकारले. कापलेले शरीर पूर्ववत होत नाही. बदलले होते ते केवळ कथन. अशा ठिकाणी टक्केवारीतील घट ही प्रथेची घट मानावी की उच्चाराची, हा प्रश्न संख्याशास्त्राइतकाच अर्थनिर्णयनाचाही आहे.

कोणाला विचारले, यावरही आकडा अवलंबून असतो. इजिप्तमध्ये २०१४ च्या सर्वेक्षणात विवाहित (विधवा व घटस्फोटित धरून) स्त्रियांत प्रमाण ९२ टक्के आढळले. पुढच्याच वर्षीच्या सर्वेक्षणात ते ८७ टक्के होते. परंतु त्यात अविवाहित स्त्रियांचाही समावेश होता आणि अविवाहित स्त्रिया बहुधा वयाने लहान, म्हणून ज्यांच्यात प्रथा ओसरत आहे अशा पिढीतील असतात. दोन आकडे शेजारी ठेवून एका वर्षात पाच टक्क्यांची सुधारणा झाली असे म्हणणे चूक ठरेल. मुलींविषयीचे आकडे तर अधिक जपून वाचावे लागतात. २०१० पासून मातांना चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलींविषयी विचारले जाऊ लागले. येमेनमध्ये छेदन बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच होते. इजिप्तमध्ये ते पुष्कळदा नऊ-दहा वर्षांच्या सुमारास होते. तेव्हा पाच वर्षांच्या इजिप्शियन मुलीबाबत आलेल्या ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘अद्याप नाही’ एवढाच घेता येतो.

हे सर्व दोष प्रश्न विचारल्यानंतरचे आहेत. भारताची स्थिती याहून वेगळी आहे. दाऊदी बोहरा समाजात मुलीच्या साधारण सातव्या वर्षी ‘खतना’ किंवा ‘खफ्द’ करण्याची चाल आहे आणि मुंबई हे त्या समाजाचे एक प्रमुख केंद्र आहे. त्याच मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. परंतु १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून २०१९-२१ च्या पाचव्या फेरीपर्यंत या विषयावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, ही प्रथा भारतात असल्यास पुष्टी देणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. विधान शब्दशः खरे होते. पण जे विचारलेच नाही त्याचे उत्तर दफ्तरी कोठून असणार? सप्टेंबर २०१८ मध्ये हे प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आले.

प्रश्न केवळ समाविष्ट केल्याने मोजणी सिद्ध झाली असती, असेही नव्हे. बोहरा समाजाची जगभरातील संख्या दहा लाखांच्या आसपास धरली जाते. भारताच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण हजारी एकाहूनही कमी आहे. पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. त्यांत बोहरा स्त्रिया फार तर काही शेकडा असतील आणि प्रश्नावलीत धर्म नोंदविला जात असला तरी पंथ नोंदविला जात नाही. राष्ट्रीय सरासरी काढल्यास ती शून्याजवळ जाईल. युगांडात २०१६ साली राष्ट्रीय प्रमाण ०.३ टक्के इतकेच होते. परंतु प्रश्न विचारला गेल्यामुळे प्रथा कोणत्या प्रदेशांत व समुदायांत एकवटली आहे, हे दाखविता आले. भारतात ही उणीव समाजातीलच स्त्रियांनी अंशतः भरून काढली. ‘सहियो’ या संघटनेने ३८५ स्त्रियांचे ऑनलाइन सर्वेक्षण केले, त्यांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपले छेदन झाल्याचे सांगितले. हा यादृच्छिक नमुना नसल्याने ते प्रमाण संपूर्ण समाजाला लागू करता येणार नाही. परंतु ‘प्रथा आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यातून निःसंशय मिळते.

युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे अशा मुली व स्त्रियांची जगातील संख्या २०१३ मध्ये साडेबारा कोटी, २०१६ मध्ये वीस कोटी आणि २०२४ मध्ये तेवीस कोटींहून अधिक होती. २०१३ ते २०१६ या काळातील वाढीचे एक मोठे कारण इंडोनेशियाची आकडेवारी प्रथमच समाविष्ट झाली, हे होते. त्या स्त्रिया पूर्वीही होत्या, प्रश्न नव्हता. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आपले अर्थसाहाय्य थांबविल्याने मूळ कार्यक्रमच विस्कळीत झाला. ज्या देशांत तो हेच काम करीत होता तेथेही यापुढे आकडा न येणे आणि प्रथा नसणे यांतील भेद जपावा लागेल. मौनाचा अर्थ लावताना बोलणारे कोणीच नव्हते, की विचारणारे नव्हते, हे आधी तपासण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. या मोजणीच्या संदर्भात ती सवय उपयोगाची आहे.