'दुखतंच'मधला 'च'

"पाळीत दुखतंच गं. आम्हालाही दुखायचं." पोटाशी पाय घेऊन पडलेल्या मुलीला हे वाक्य आधी आई ऐकवते, मग आजी, मग शेजारच्या काकू. गरम पाण्याची पिशवी येते, ओव्याचं पाणी येतं आणि शेवटी ठेवणीतला दिलासा: लग्न झालं, एखादं मूल झालं की थांबेल सगळं. यात माया असते, अनुभवही असतो. चुकतो तो फक्त 'च'. पाळीत दुखतं हे खरं. पण कितीही दुखलं तरी ते 'दुखायचंच', हे खरं नाही.

आधी साधं दुखणं समजून घेऊ, कारण बहुतेक मुलींचं तेच असतं. पाळी सुरू झाल्यावर सहा महिने ते वर्षभरात बीज नियमित तयार होऊ लागतं आणि कळा सुरू होतात. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि ओटीपोटात कळ येते. हीच रसायनं आतड्यांनाही छेडतात. म्हणून काहींना मळमळ, उलटी, जुलाब होतात. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरतो.

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड यांसारखी वेदनाशामकं ही रसायनं तयार होण्यालाच अटकाव करतात. त्यामुळे कळ असह्य होईपर्यंत थांबून गोळी घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. पाळीची चाहूल लागताच, काही खाऊन आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती घ्यावी. दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेऊ नये. मेफेनॅमिक अॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या तीव्र अॅलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३च्या अखेरीस सावध केलं होतं. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

पण गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर? दुखणं पाळीच्या आधीच सुरू होत असेल, नंतरही रेंगाळत असेल, त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येत असेल, दर काही महिन्यांनी ते वाढतच असेल तर? अशा वेळी एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढतं: बीजकोशांवर, गर्भाशयामागच्या पोकळीत, मूत्राशयावर, आतड्यांवर. तिथे दाह होतो, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटू शकतात. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असा सिद्धांत जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडला. मात्र असं रक्त बहुतेक स्त्रियांत उलटं जातं, आजार सगळ्यांना होत नाही. म्हणजे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती यांचाही त्यात हात असणार. आईला किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीचा धोका वाढतो. "आम्हालाही दुखायचं" हे वाक्य म्हणूनच दिलासा ठरण्याऐवजी डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती ठरू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या साधारण १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. तरीही निदानाला अनेकदा कित्येक वर्षं लागतात. हा मोठ्या बायकांचा आजार, ही समजूत त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१८चं मार्गदर्शन वेगळंच सांगतं: वेदनाशामकं आणि हॉर्मोन्स दोन्हींनी न हटणारं दुखणं असलेल्या मुलींची दुर्बिणीतून तपासणी केली, तर किमान दोन तृतीयांश मुलींत एंडोमेट्रिओसिस सापडतो. तीन ते सहा महिन्यांत उपचारांनी फरक पडला नाही, तर पुढे शोध घ्यावा, असंही त्यात म्हटलं आहे.

इथे एक फसगत होते. या वयात आजाराचे ठिपके बऱ्याचदा बारीक, लालसर किंवा पारदर्शक असतात, 'चॉकलेट सिस्ट', म्हणजे बीजकोशातली जुन्या रक्ताची गाठ, क्वचितच असते. त्यामुळे सोनोग्राफी 'नॉर्मल' येते आणि मुलगी नाटकी ठरते. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. मात्र सोनोग्राफी करावीच. पाळीच्या मार्गातल्या जन्मजात अडथळ्यामुळे रक्त साठत असेल, तर ते तिच्यात दिसू शकतं. ती पोटावरून करता येते, हे आयांना सांगायला हवं.

उपचारांत वेदनाशामकांच्या जोडीला हॉर्मोनच्या गोळ्या येतात आणि घरात कुजबुज सुरू होते: पंधराव्या वर्षी गर्भनिरोधक गोळ्या? त्या अस्तराची वाढ रोखण्यासाठी दिलेल्या असतात आणि त्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही. गरज पडली तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते. आजार समूळ जाईलच अशी हमी आज कुठल्याच उपचारात नाही, तो ताब्यात मात्र ठेवता येतो. लग्न किंवा बाळंतपण हा त्यावरचा उपचार नव्हे. आणि आजार आहे म्हणजे मूल होणारच नाही, असंही नव्हे.

आईने एवढं करावं. घरातल्या कॅलेंडरवर तीन महिने नोंद ठेवावी: पाळी कधी आली, किती दिवस दुखलं, गोळीने थांबलं का, शाळा किती दिवस बुडली. तो कागद घेऊन मुलीसोबत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. आणि तिथे बोलू द्यावं तिला. दुखणं तिचं आहे.